बोलविता धनी कोण?

या व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलण्यासाठी पाचारण केले, तेव्हा आम्हांला प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे, ही गावाची जुनी रीत. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक आणि नगर वाचनालयातील खिडकीजवळचे एक बाक. त्या बाकावर जे वाचले आणि फाटकावर जे पाहिले, ते एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय आम्हांला लागली. आजचा विषय त्या सवयीतूनच निघाला आहे.

लोकमत हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो, आणि तो आदर योग्यच आहे. लोकशाहीत त्याहून वरचे न्यायासन नाही. परंतु हे लोकमत येते कोठून? आपली समजूत अशी, की पाऊस पडावा तसे ते आपोआप पडते. पुष्कळदा मात्र ते पाटाच्या पाण्यासारखे असते. पाणी आपल्या वावरात आलेले दिसते. वर दार कोणी उघडले आणि कोणाचे वावर कोरडे ठेवले, हे दिसत नाही. ही दारे धरण्याची विद्या गेल्या शतकात अमेरिकेत पद्धतशीर वाढली आणि तिचा मोठा भाग संपांच्या काळात शिकला गेला. म्हणून त्या देशातील तीनचार प्रसंग आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रसंग कोलोरॅडो राज्यातील कोळशाच्या खाणींचा. तेथील सर्वांत मोठ्या कंपनीत रॉकफेलर घराण्याचा वाटा सर्वांत मोठा होता. खाणकामगाराचे घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, पहारेकरीही कंपनीचे. मजुरी टनावर, पण कोळसा तोलणारा माणूस कंपनीचा, तेव्हा काट्यात मारले जात असल्याचा संशय नेहमीचा. छताला टेकू लावणे, रूळ टाकणे या कामांना मजुरी नाही, कारण त्यातून कोळसा निघत नाही. १९१३ च्या सप्टेंबरात कामगारांनी संप पुकारला. युनियनला मान्यता, आठ तासांचा दिवस, काट्यावर आपला माणूस, कोणत्याही दुकानात माल घेण्याची मोकळीक, अशा त्यांच्या मागण्या होत्या. यांतील कित्येक गोष्टी त्या राज्याच्या कायद्यात आधीच होत्या. म्हणजे कायदा पाळा, एवढे म्हणण्यासाठी संप करावा लागला!

संप होताच कंपनीच्या घरांतून कुटुंबे बाहेर काढण्यात आली. युनियनने तंबू दिले. लडलो येथील वसाहतीत सुमारे बाराशे माणसे थंडीवाऱ्यात राहिली. ग्रीक, इटालियन, स्लाव, मेक्सिकन, नाना भाषांचे हे लोक. गोळ्यांपासून मुलाबाळांचा बचाव व्हावा म्हणून तंबूंच्या जमिनीखाली त्यांनी खड्डे खणले होते. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी वसाहतीवर दिवसभर गोळीबार केला. संध्याकाळी तंबूंना आग लागली. एका तंबूखालच्या खड्ड्यात दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. लुई टिकास हा ग्रीक पुढारी गोळ्या घालून मारला गेला. सारे मिळून वीसच्या आसपास माणसे त्या दिवशी गेली.

देशभर हाहाकार झाला. धाकटे रॉकफेलर यांच्या न्यूयॉर्कमधील कचेरीसमोर निदर्शने झाली. ज्या गृहस्थांनी दहा वर्षांत कोलोरॅडोत पाऊल टाकले नव्हते, त्यांना आता देशाला तोंड द्यावयाचे होते. त्यांनी आयव्ही ली नावाचा माणूस नेमला. ली हा धर्मोपदेशकाचा मुलगा, पूर्वीचा वार्ताहर. १९०६ साली त्याने एक जाहीरनामा काढून सांगितले होते, की आपले काम उघड्यावर चालते, लपूनछपून काही नाही. आता हेच उघडे काम कसे चालले ते पाहा. तो फिलाडेल्फियात बसून पत्रके लिही आणि ती कोलोरॅडोतील खाणमालकांच्या समितीच्या नावाने निघत. लेखक कोण, हे वाचणाऱ्यास कळत नसे. संपादक, लोकप्रतिनिधी, शिक्षक, धर्मगुरू यांच्याकडे ती रवाना होत. म्हणजे ज्यांच्या तोंडून चार लोक ऐकतात, नेमक्या त्यांच्याकडे.

पत्रकांचे नाव होते, औद्योगिक स्वातंत्र्यासाठी कोलोरॅडोत चाललेल्या लढ्यासंबंधी वस्तुस्थिती. या नावातील दोन शब्द जरा हातात घेऊन पाहा. स्वातंत्र्य म्हणजे कोणाचे? युनियनशी न बोलण्याचे मालकाचे स्वातंत्र्य. वस्तुस्थिती म्हणजे कोणती? मदर जोन्स नावाची ऐंशीच्या घरातील एक बाई खाणकामगारांत हिंडून त्यांना धीर देई. ती पूर्वी कुंटणखाना चालवीत असे, अशी बदनामी या पत्रकांनी केली. आग चूल उलटून लागली असावी, असेही सुचविण्यात आले. युनियनच्या एका पुढाऱ्याचा वर्षाचा पगार आणि वर्षाचा प्रवासखर्च यांची बेरीज करून ती त्याची नऊ आठवड्यांची कमाई म्हणून छापली. आकडा खरा, वर्ष खोटे. ज्याला दिवसाला दोन घास मिळण्याची पंचाईत, त्या कामगाराला आणि त्याच्याबद्दल कळवळा असणाऱ्या शिक्षकाला हे वाचून काय वाटले असेल?

पुढे सरकारी चौकशी आयोगाचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांनी ली यास साक्षीला बोलावून विचारले, की छापलेल्या गोष्टी खऱ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी आपण काय केले? उत्तराचा मथितार्थ असा, की मालकांच्या माणसांनी जे दिले ते आपण खरे मानले. स्वतंत्र तपास केला नव्हता. वकील अशिलाची बाजू मांडतो, त्यात गैर नाही. पण तो कोर्टात उभा असतो, त्याच्या अंगावर काळा कोट असतो, आणि समोर दुसरा वकील असतो. येथे वकील साक्षीदाराचा सदरा घालून आला होता. आमचा आक्षेप बाजू मांडण्यावर नाही, या सदऱ्यावर आहे.

संप १९१४ च्या डिसेंबरात मोडला. १९१५ च्या सप्टेंबरात रॉकफेलर खाणींवर गेले, कामगारांच्या पंगतीला बसले, त्यांच्या बायकांबरोबर नाचले, आणि वर्तमानपत्रांतून त्याची वर्णने आली. कंपनीने आपल्याच छत्राखाली कामगार-प्रतिनिधींची योजना सुरू केली. तक्रार ऐकून घेणारी खुर्ची मिळाली, युनियन मिळाली नाही. अशा मालकपोषित संघटनांना अमेरिकेच्या कायद्याने बंदी घातली ती १९३५ साली.

आता कोणी म्हणेल, हा भांडवलदारांचा दोष. सरकार तसे नसते. म्हणून दुसरा प्रसंग. जॉर्ज क्रील नावाचा डेन्व्हरचा पत्रकार होता. लीच्या पत्रकांवर १९१४ साली त्यानेच कडाडून टीका केली. लोकमतात विष कालवणारे, अशा अर्थाचा त्याच्या लेखाचा मथळा होता. १९१६ च्या नोव्हेंबरात विल्सन पुन्हा अध्यक्ष निवडून आले, ते देशाला युद्धाबाहेर ठेवले या पुण्याईवर. १९१७ च्या एप्रिलात त्यांनीच देशाला युद्धात नेले. आणि लोकांची मने युद्धाकडे वळविण्यासाठी जी सरकारी समिती नेमली, तिचा प्रमुख कोण? तोच जॉर्ज क्रील! त्याने सुमारे पंचाहत्तर हजार वक्ते उभे केले. सिनेमागृहात रीळ बदलायला चार मिनिटे लागत. तेवढ्यात गावातलाच कोणी वकील, व्यापारी, डॉक्टर उठून युद्धाच्या बाजूने बोले. परका माणूस मुद्दामच नव्हता. शेजाऱ्यावर आपला विश्वास असतो, म्हणून शेजाऱ्याच्या तोंडी मजकूर घातला. क्रील लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या हातातले विष ज्याने ओळखले, त्यालाच आपल्या हातातले औषध वाटले, एवढेच.

तिसरा प्रसंग १९३६ चा. टंकलेखन यंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीत संप झाला. त्या वेळी मालकांनी जे डावपेच योजले, त्यांना मोहॉक खोऱ्याचे सूत्र असे नाव पडले. उद्योगपतींच्या राष्ट्रीय संघाने ते आपल्या पत्रकातून कारखानदारांत फिरविले, आणि पुढच्या वर्षी सरकारी कामगार मंडळाने आपल्या निवाड्यात त्याची कलमे मांडली. पुढाऱ्यांना बाहेरचे चिथावणीखोर म्हणा. कारखाना दुसरीकडे हलवू अशी हूल उठवा. बँकवाले, दुकानदार, घरमालक यांची नागरिक समिती उभी करा. कायदा आणि सुव्यवस्था धोक्यात आहे म्हणून ओरड करा. मग कामावर परतू इच्छिणाऱ्यांची चळवळ उभारा आणि वाजतगाजत फाटक उघडा. यातील पहिला वार कामगारावर नाही, हे ध्यानात घ्या. पहिला वार गावावर आहे. कामगार आणि गाव यांच्यामधले नाते तुटले, की संप आपोआप कोरडा पडतो.

हे सूत्र वाचले तेव्हा वाचनालयातल्या त्या बाकावर आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. कारण १९९१ साली आमच्या कारखान्यात दोन महिने संप झाला होता आणि आम्ही तेव्हा विशीतले होतो. तिसऱ्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात आमच्या पगाराचा आकडा छापून आला. दिवाळीच्या महिन्याचा तो आकडा. त्यात बोनस होता, ओव्हरटाइम होता, प्रॉव्हिडंट फंडातला मालकाचा हिस्साही होता. आमची आई नेहमीच्या वाण्याकडे गेली. त्याने पेपर पुढे सरकवला आणि म्हणाला, "मावशी, एवढा पगार आहे मुलाला. मग उधारी कशाला?" आई काही बोलली नाही. पिशवी घडी घालून घरी आली. तो वाणी दुष्ट नव्हता. आमच्या वडिलांच्या आजारपणात त्यानेच चार महिने थांबून घेतले होते. छापलेल्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला, हाच त्याचा अपराध, आणि तो आपण सर्वच रोज करतो.

पाठोपाठ एक नागरिक समिती निघाली. शांततेचे आवाहन करणारे तिचे पत्रक घरोघर आले. खाली सह्या प्रतिष्ठितांच्या. त्यांतले काही आज हयात नाहीत आणि बहुतेक सज्जन होते. संप मोडल्यावर वर्षभराने छापखान्यातल्या एका जुळाऱ्याने आम्हांला सांगितले, की त्या पत्रकाचे बिल कारखान्याच्या कचेरीत गेले होते. सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते? आमचा अंदाज आहे, फार थोड्यांना. या सभागृहात त्या वेळचे लोक आहेत. कोणाला ओशाळे करावे म्हणून हे सांगत नाही. लढाई आमची होती, परंतु फसवणूक तुमची झाली होती, हे तुम्हांला कळावे म्हणून सांगतो.

आणि आता आमचा स्वतःचा दोष. पाचव्या आठवड्यात साठएक कामगार कामावर परतले होते. आमच्या हँडबिलात आम्ही छापले, की एकही माणूस फुटलेला नाही. हेतू चांगला होता. उरलेल्यांचा धीर टिकावा. ते हँडबिल त्या साठ घरांतही गेले. त्या घरांतल्या बायकांनी ते शेजारणींना दाखवले. पुढे फाटकावर पोलिसांनी लाठी चालवली आणि आमच्या दोघांची डोकी फुटली, तेव्हा आम्ही खरे छापले. पण लोक हसले. मालकाच्या खोट्याने आमची उधारी बंद झाली. आमच्या खोट्याने आमची पत गेली. उधारी पुढे परत सुरू झाली.

चौथा प्रसंग १९३७ चा, शिकागोतला. मोठ्या पोलाद कंपनीने युनियनला मान्यता दिली होती. रिपब्लिक स्टीलसारख्या तिच्याहून लहान कंपन्यांनी नाकारली. ३० मे रोजी, मृतांच्या स्मरणाच्या राष्ट्रीय दिवशी, संपकरी बायकामुलांसह मैदानातून कारखान्याकडे निघाले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दहा माणसे मेली. दुसऱ्या दिवशी बड्या वर्तमानपत्रांनी लिहिले, की जमावाने पोलिसांवर चाल केली. परंतु पॅरामाउंट कंपनीच्या छायाचित्रकाराने तो प्रसंग फिल्मवर घेतला होता. लोक खवळतील, या सबबीवर कंपनीने ती फिल्म दडवून ठेवली. सिनेटर ला फॉलेट यांच्या समितीने ती मागवून घेतली आणि पडद्यावर पाहिली. पळणाऱ्या लोकांवर पोलीस तुटून पडताना त्यात दिसत होते. सर्व मृतांना गोळ्या पाठीत किंवा कुशीत लागल्या होत्या. समोरून एकालाही नाही. तरीसुद्धा स्थानिक पंचनाम्याच्या ज्यूरीने पोलिसांना निर्दोष ठरविले. पुरावा असणे आणि तो वेळेवर लोकांपुढे येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच समितीच्या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि आपण सर्व श्रोते असल्यामुळे ती आपल्याला विशेष लागू आहे. जॉर्ज सोकोल्स्की नावाचे एक विद्वान न्यूयॉर्कच्या दैनिकात सदर लिहीत आणि गावोगाव नागरी प्रगतीच्या सभांत व्याख्याने देत. लोक त्यांना स्वतंत्र विचारवंत समजून ऐकावयास येत. त्यांना पोलाद उद्योगाची प्रसिद्धी करणाऱ्या हिल अँड नोल्टन या संस्थेकडून सुमारे अठ्ठावीस हजार डॉलर मिळाले होते. ते बोलत ते सगळे खोटे होते असे नव्हे. पैशाची गोष्ट मात्र श्रोत्यांना कोणी सांगितली नव्हती.

या संस्थेचे चालक जॉन हिल. सिगारेटने कर्करोग होतो असे प्रयोगांतून दिसू लागले, तेव्हा १९५३ च्या डिसेंबरात तंबाखू कंपन्यांचे अध्यक्ष न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले आणि सल्ल्याला त्यांनी हिल यांनाच बोलावले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत एक निवेदन झळकले. सिगारेट निर्धोक आहे असा नुसता दावा करून भागणार नव्हते. शास्त्रज्ञांत एकमत नाही, आम्ही संशोधनाला पैसा देऊ, जनतेचे आरोग्य आम्हांला सर्वांत महत्त्वाचे, असा त्याचा सूर होता. ही या विद्येची पुढची पायरी. लोकांना पटवावयाचे नाही. लोकांचे काहीच पक्के होऊ द्यावयाचे नाही. सरकारच्या वैद्यकीय प्रमुखांचा धूम्रपानाविरुद्धचा अहवाल यावयाला १९६४ साल उजाडले. मधल्या दहा वर्षांत शंका शिल्लक होती आणि सिगारेटी खपत होत्या.

आज रीळ बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. मजकूर हातातल्या फोनवर येतो, तोही बहुधा मेहुण्याकडून किंवा शाळासोबत्याकडून. शेजाऱ्याच्या तोंडी मजकूर घालण्याची क्रीलची युक्ती तीच. शेजारी मात्र आता फुकट आणि नकळत राबतो.

मग करावे काय? कोणावरच विश्वास ठेवू नये, हे उत्तर चुकीचे आहे. तंबाखूवाल्यांना तेच हवे होते. ज्याचा कशावरच विश्वास नाही, तो घरात बसतो, आणि घरात बसलेला माणूस कोणालाही सोयीचा असतो. आमचे म्हणणे साधे आहे. वाण्याकडे आपण काटा पाहतो, तसा बातमीचाही पाहावा. हा आकडा किती दिवसांचा? या पत्रकाचे बिल कोणाकडे गेले? जो बोलतो आहे त्याला पदराखालून कोण देते? स्वातंत्र्य, शांतता, सुव्यवस्था, प्रगती हे शब्द आले, की ते कोणाच्या वाट्याचे? आणि ज्यांच्याबद्दल बोलले जात आहे, त्यांच्या दारी जाऊन कोणी विचारले आहे का? त्या वाण्याने आमच्या आईला एवढेच विचारले असते, की मावशी, खरा पगार किती, तर आईने पगाराची चिठ्ठी आणून दाखवली असती. ती तिच्या देव्हाऱ्यातल्या डब्यात होती.

हाच नियम आम्हांलाही लावा. आम्ही कामगारांच्या वर्गणीतून पगार घेणारे कार्यकर्ते आहोत. चालकांनी आज आम्हांला एक नारळ आणि शाल दिली आहे. आमचे बोलणे त्या हिशेबाने तोलून घ्या.

लडलो येथे ३० मे १९१८ रोजी खाणकामगारांच्या युनियनने स्मारक उभारले. बरोबर एकोणीस वर्षांनी त्याच तारखेला शिकागोच्या मैदानात गोळ्या चालणार होत्या, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार! स्मारकाजवळ तो खड्डा अजून जपून ठेवला आहे. वर लोखंडी दार आहे. लीची पत्रके आज ग्रंथालयात शोधणाऱ्यालाच सापडतात, आणि खड्डा कोणालाही पाहता येतो. सत्य शेवटी उरले, हे खरे. परंतु ते उरेपर्यंत संप मोडला होता, आणि ज्यांना त्या वेळी ते हवे होते त्यांच्या उपयोगी पडले नाही. उशिरा आलेल्या सत्याचे स्मारक होते. वेळेवर आलेल्या सत्याने माणसे वाचतात. ते वेळेवर यावे यासाठी थोडी चौकशी करण्याचे कष्ट आपण गावाने घ्यावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.